हॅडच्या मागे-पुढे काय लावायचं: पास्ट परफेक्ट, सर्वनामं आणि प्रिपोझिशन

"मी काल डॉक्टरकडे गेलो होतो" हे इंग्लिशमध्ये सांगायचं झालं की आपल्यातले बरेच जण "आय हॅड गॉन टू द डॉक्टर येस्टरडे" म्हणतात, कारण होतो दिसलं की हॅड लावायचं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण एवढंच एक वाक्य सांगायचं असेल तर तिथे "आय वेंट टू द डॉक्टर येस्टरडे" पाहिजे, साधा भूतकाळ. "हॅड गॉन" ऐकल्यावर समोरचा वाट बघत राहतो की बरं मग पुढे काय झालं, आणि आपलं बोलणं तर तिथेच संपलेलं असतं.

हॅड वापरायचं तर भूतकाळातला अजून एक क्षण लागतो. एक गोष्ट घडली, आणि तिच्याही आधी दुसरी घडून गेली होती, तर त्या आधीच्या गोष्टीला हॅड. १९४७ साली हान्स रायखेनबाख नावाच्या तत्त्वज्ञाने हे फार छान मांडलंय, की काळ समजायला तीन बिंदू बघायचे: घटना कधी घडली, आपण कुठे उभं राहून तिच्याकडे बघतोय आणि आपण बोलतोय कधी. पास्ट परफेक्टमध्ये, म्हणजे या हॅडवाल्या काळात, हे तिन्ही वेगवेगळे असतात, घटना सगळ्यात मागे, बघायची जागा मधे आणि बोलणं आत्ता. उदाहरण घ्या, "व्हेन आर्मस्ट्राँग वॉक्ड ऑन द मून इन जुलै १९६९, गागारिन हॅड ऑलरेडी गॉन अराउंड द अर्थ इन १९६१". उभं राहायची जागा १९६९, घटना १९६१ ची, आणि सांगतोय आज. १९६९ चा अर्धा भाग काढून टाकला तर उरलेलं वाक्य "गागारिन वेंट अराउंड द अर्थ इन १९६१" एवढंच होणार, हॅड जाणार. हा मधला क्षण त्याच वाक्यात असायला पाहिजे असंही नाही, आधीच्या वाक्यात येऊन गेला तरी चालतो, पण कुठेतरी असायलाच हवा.

अजून एक लक्षात ठेवा, आपल्या मराठीतलं होता-होती-होतं बऱ्याच वेळा पूर्ण झालेली क्रिया नाही तर त्या वेळची अवस्था सांगतं. "तो खुर्चीवर बसला होता" म्हणजे त्या वेळी तो बसलेल्या स्थितीत होता, म्हणून "ही वॉज सिटिंग ऑन द चेअर". "तिने चष्मा घातला होता" म्हणजे "शी वॉज वेअरिंग ग्लासेस". "बाळ झोपलं होतं" म्हणजे "द बेबी वॉज अस्लीप". "मला माहीत होतं" म्हणजे सरळ "आय न्यू". "मला ताप आला होता" हे "आय हॅड अ फीव्हर", इथे हॅड आहे पण ते मुख्य क्रियापद आहे, त्याच्यापुढे दुसरं क्रियापद नाहीये, म्हणजे हा पास्ट परफेक्ट नाही. तर होता दिसल्यावर एकदम भाषांतर करू नका, आधी स्वतःला विचारा की ही घटना आहे की अवस्था, आणि घटना असेल तर तिच्यानंतरचा भूतकाळातला क्षण कुठला. हे दोन प्रश्न विचारायची सवय लागली की अर्ध्याहून जास्त चुका तिथेच थांबतात.

आता बांधणी. कर्ता, मग हॅड, मग क्रियापदाचं तिसरं रूप. तिसरं म्हणजे तिसरंच, "हॅड वेंट" नाही "हॅड गॉन", "हॅड केम" नाही "हॅड कम", "हॅड सॉ" नाही "हॅड सीन". आणि कर्ता कोणीही असो, आय, वी, यू, ही, शी, इट, दे, हॅड बदलत नाही, ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट. मराठीत कर्म असलं की बहुतेक वेळा कर्त्याला ने लागतो आणि मग क्रियापद कर्माच्या मागे जातं, त्याने चिठ्ठी लिहिली होती, त्याने पत्र लिहिलं होतं, त्याने दोन निबंध लिहिले होते. इंग्लिशमध्ये तिन्हीकडे "ही हॅड रिटन" एवढंच. पत्राचं लिंग-वचन काय याची काळजी संपली.

पण सर्वनामांनी फसायच्या जागा आहेत. पहिली म्हणजे आदराचं बहुवचन. "सर आले होते, ते माझ्याशी बोलले" यातले ते म्हणजे एकच माणूस, म्हणून "ही", दे नाही. "दे हॅड कम" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटणार चार-पाच जण आले होते. दुसरी, निर्जीव वस्तू. किल्ली ती आणि चष्मा तो, पण इंग्लिशमध्ये किल्ली "इट", आणि चष्मा तर "ग्लासेस" म्हणून "देम". "ती मी टेबलावर ठेवली होती" हे किल्लीबद्दल असेल तर "आय हॅड पुट इट ऑन द टेबल". तिसरी, मला ने सुरू होणारी वाक्यं. "मला ते आवडलं होतं" मध्ये मला आहे म्हणून इंग्लिशमधल्या "मी" (me) ने सुरुवात करायची नाही, आवडणारा माणूस इंग्लिशमध्ये कर्ता होतो, "आय हॅड लाइक्ड इट".

चौथी जागा सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचेच शब्द की लावून जसेच्या तसे सांगतो. "तो म्हणाला की मी तिला आधीच भेटलो होतो." यातला मी म्हणजे बोलणारा तो, मी स्वतः नाही, आणि मराठीत सहसा कोणाचा गोंधळ होत नाही. इंग्लिशमध्ये "ही सेड दॅट आय हॅड ऑलरेडी मेट हर" केलंत तर अर्थच फिरला, तुम्हीच तिला भेटला होतात असं झालं. तिथे "ही सेड दॅट ही हॅड ऑलरेडी मेट हर" पाहिजे. म्हणजे दुसऱ्याचं बोलणं सांगताना क्रियापद काळात एक पायरी मागे सरकवायचं आणि त्याच वेळी सर्वनामही आपल्या बाजूने बघून बदलायचं, दोन्ही कामं एकदम. "ती म्हणाली की तू मला फोन केला नव्हतास", आणि हे तुम्ही त्यालाच सांगताय ज्याने फोन केला नव्हता, तर "शी सेड दॅट यू हॅडन्ट कॉल्ड हर". मला चं हर झालं, तू चं यू राहिलं कारण तोच समोर आहे. आणि तिसऱ्याच कोणाला सांगत असाल तर "शी सेड दॅट ही हॅडन्ट कॉल्ड हर". नुसतं व्याकरण पाठ करून हे जमत नाही, प्रत्येक वेळी कोण कोणाशी बोलतंय ते डोळ्यासमोर आणावं लागतं.

याच्यातच एक छोटा गुंता. "त्याने मित्राला सांगितलं की आपला फोन हरवलाय" यात आपला म्हटल्यामुळे कोणाचा फोन ते मराठीत कळतं. इंग्लिशमध्ये "ही टोल्ड हिज फ्रेंड दॅट ही हॅड लॉस्ट हिज फोन", आता ही कोण आणि हिज कोणाचा, दोन्ही बाजूंनी अर्थ लागतो. अशा वेळी सर्वनामाचा हट्ट सोडा आणि सरळ नाव घाला.

आता प्रिपोझिशन, म्हणजे नाम किंवा सर्वनामाच्या आधी येणारे विथ, टू, फॉर सारखे शब्द. नियम एकच आहे आणि त्याला अपवाद शोधत बसू नका: प्रिपोझिशननंतर सर्वनाम आलं तर ते मी (me), हिम, हर, अस, देम या रूपात येतं, आय, ही, शी, वी, दे या रूपात नाही. "आय हॅड गॉन विथ हिम", "शी हॅड स्पोकन टू देम", "ही हॅड डन इट फॉर अस". दोन माणसं जोडून आली की गडबड होते, "शी हॅड स्पोकन टू माय ब्रदर अँड आय" हे ऐकायला सभ्य वाटतं म्हणून लोक म्हणतात, इंग्लिश ज्यांची मातृभाषा आहे तेसुद्धा म्हणतात, पण दुसरं नाव झाकून बघा, "स्पोकन टू आय" कोणी म्हणेल का? नाही ना, मग "टू माय ब्रदर अँड मी".

मग आफ्टर, बिफोर आणि अनटिल. हे शब्द दोन कामं करतात आणि इथेच हॅड, सर्वनाम आणि प्रिपोझिशन तिन्ही एकत्र येतात. "आफ्टर हिम" म्हणजे त्याच्यानंतर, इथे आफ्टर हे प्रिपोझिशन आहे आणि पुढे फक्त सर्वनाम आहे. पण "तो गेल्यानंतर" म्हणायचं असेल तर पुढे अख्खं वाक्य येणार, त्याला स्वतःचा कर्ता लागणार, म्हणून "आफ्टर ही हॅड गॉन". "आफ्टर हिम हॅड गॉन" कधीच नाही. ओळखायची खूण सोपी, सर्वनामाच्या लगेच पुढे हॅड येतंय का ते बघा, येत असेल तर ते सर्वनाम कर्ता आहे आणि कर्त्याच्या रूपातच राहणार, मागे आफ्टर असो की अनटिल. "शी वेटेड अनटिल दे हॅड ऑल लेफ्ट." तिसरा पर्यायही आहे, "आफ्टर फिनिशिंग इट, शी वेंट होम", कर्ता एकच असेल तर हे सुटसुटीत होतं आणि सर्वनामाचा प्रश्नच येत नाही.

बिफोरची एक गंमत आहे, खरं तर खूप सुंदर बारकावा आहे. साधारणपणे हॅड बिफोरच्या बाहेरच्या अर्ध्यात येतं, "आय हॅड फिनिश्ड बिफोर शी हंग अप", माझं बोलून झालं होतं, मग तिने फोन ठेवला. पण "शी हंग अप बिफोर आय हॅड फिनिश्ड" म्हटलं की अर्थ होतो माझं संपायच्या आधीच तिने फोन ठेवला, म्हणजे माझं बोलणं पूर्ण झालंच नाही. आणि आफ्टर, बिफोरमुळे क्रम आपोआप कळत असेल तर साध्या भूतकाळानेही भागतं, "आफ्टर ही लेफ्ट, वी टॉक्ड" बरोबरच आहे. उगाच प्रत्येक ठिकाणी हॅड कोंबू नका, एका परिच्छेदात दहा वेळा हॅड आलं की वाचणारा दमतो.

वेळेची बाकीची प्रिपोझिशनं पटपट बघू. बाय म्हणजे त्या वेळेपर्यंत झालेलं होतं, "बाय सिक्स ओक्लॉक दे हॅड लेफ्ट", आणि "बाय द टाइम वी गॉट देअर, दे हॅड लेफ्ट". बाय आलं की पास्ट परफेक्ट फार वेळा येतो, ही जोडी कानात बसवा. फॉर म्हणजे किती वेळ, सिन्स म्हणजे कधीपासून, "फॉर थ्री डेज", "सिन्स मंडे". फॉर तर एका वाक्यात दोनदा येऊ शकतो आणि दोन्ही बरोबर असतात, "शी हॅड बीन वेटिंग फॉर हिम फॉर टू अवर्स", पहिला फॉर वेट या क्रियापदाचा आणि दुसरा वेळेचा, दुसरा फॉर चुकून आलाय असं समजून खोडू नका. आणि अगो. अगो नेहमी आजपासून मागे मोजतो, आपण मात्र हॅडमध्ये आजच्या क्षणावर उभे नसतो, मधल्या क्षणावर उभे असतो. म्हणून "आय मेट हर टू इयर्स अगो" पण "व्हेन वी स्टार्टेड वर्किंग टुगेदर, आय हॅड मेट हर टू इयर्स बिफोर" किंवा "टू इयर्स अर्लिअर". तसंच दुसऱ्याचं बोलणं सांगताना येस्टरडे चं "द डे बिफोर" होतं.

आता क्रियापदाच्या पुढचं प्रिपोझिशन. हे काळावर अवलंबून नाही, वेट फॉर हे वेटेड फॉर झालं, हॅड वेटेड फॉर झालं तरी फॉर तेच. तेव्हा काळ बदलताना प्रिपोझिशनला हात लावायचा नाही. प्रश्न फक्त कुठल्या क्रियापदाला कुठलं, आणि मराठीतले शी, वर, ला, बद्दल इथे हमखास फसवतात. काहींना प्रिपोझिशन लागतच नाही: "ही हॅड मॅरीड हर", विथ हर नाही. "वी हॅड डिस्कस्ड इट", अबाउट इट नाही. "दे हॅड एंटर्ड द रूम", इनटू नको. "शी हॅड रीच्ड द स्टेशन", टू नको. पण अराइव्ह घेतलंत तर "अराइव्ड ऍट द स्टेशन" लागणार. "आय हॅड टोल्ड हिम" मध्ये टू नाही आणि "आय हॅड सेड इट टू हिम" मध्ये टू आहे. "एक्सप्लेन"चं उलटं, "ही हॅड एक्सप्लेन्ड मी" हे आपण सर्रास म्हणतो पण पाहिजे "ही हॅड एक्सप्लेन्ड इट टू मी". माझ्यावर रागावली मधला वर म्हणजे ऑन नाही, "शी हॅड गॉट अँग्री विथ मी". होमच्या आधी टू नाही, "दे हॅड गॉन होम". यादी लांब आहे, पण एक पद्धत सांगतो जी खरंच उपयोगी पडते: नवीन क्रियापद वहीत एकटं लिहूच नका, सर्वनामासकट लिहा. "एक्सप्लेन इट टू हिम", "वेट फॉर हर", "टेल देम". म्हणजे तिन्ही गोष्टी एकदम पाठ होतात आणि नंतर फक्त पुढे हॅड लावून तिसरं रूप करायचं राहतं.

ही पद्धत फ्रेझल व्हर्बसाठी, म्हणजे ऑफ, अप, आफ्टर असा शब्द जोडून बनलेल्या क्रियापदांसाठी, तर फारच लागते. "स्विच ऑफ" घ्या. "आय हॅड स्विच्ड ऑफ द लाइट" चालतं, "आय हॅड स्विच्ड द लाइट ऑफ" पण चालतं, पण लाइटच्या जागी इट आलं की एकच जागा, मधे: "आय हॅड स्विच्ड इट ऑफ". "हॅड स्विच्ड ऑफ इट" हे चूक. तसंच "ही हॅड पिक्ड मी अप", "शी हॅड थ्रोन देम अवे", "दे हॅड कॉल्ड अस बॅक". पण "लुक आफ्टर" असं तुटत नाही, "शी हॅड लुक्ड आफ्टर हिम" हेच बरोबर, "लुक्ड हिम आफ्टर" नाही. "लुक फॉर इट", "कम अक्रॉस इट", "रन इनटू हिम" हे पण न तुटणारे. तीन शब्दांचे "पुट अप विथ हिम", "लुक फॉरवर्ड टू इट" यांत सर्वनाम शेवटी जातं. कुठलं तुटतं हे अर्थावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका, वहीत "स्विच इट ऑफ" आणि "लुक आफ्टर इट" असंच लिहा, इटची जागाच सगळं सांगते.

आता "ज्या घरात ते राहिले होते" यासारखी वाक्यं. मराठीत "घरात" मधला त घराला चिकटतो म्हणून इंग्लिशमध्ये इन हरवतो आणि "द हाउस दे हॅड लिव्ह्ड" एवढंच राहतं. इन पाहिजेच, फक्त तो शेवटी जातो: "द हाउस दे हॅड लिव्ह्ड इन". काही जण उलटी चूक करतात, "द हाउस व्हिच दे हॅड लिव्ह्ड इन इट", इथे इट जास्तीचा, कारण त्याचं काम व्हिचने आधीच केलंय. औपचारिक लिहिताना इन पुढे आणता येतो, "द हाउस इन व्हिच दे हॅड लिव्ह्ड", माणूस असेल तर "द मॅन विथ हूम आय हॅड वर्क्ड", पण बोलताना "द मॅन आय हॅड वर्क्ड विथ" हेच सहज वाटतं. प्रश्नातही तेच, "हू हॅड यू गॉन विथ?", "व्हॉट हॅड शी बीन वेटिंग फॉर?". आणि पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी वाक्य, केलं तरी प्रिपोझिशन जात नाही, "ही हॅड बीन लाफ्ट ऍट", लोक त्याला हसले होते, शेवटचा ऍट काढलात तर वाक्य मोडलं.

सेल्फ कधी लावायचं? कर्ता आणि कर्म एकच असेल तर, "ही हॅड हर्ट हिमसेल्फ". "ही हॅड डन इट बाय हिमसेल्फ" म्हणजे एकट्याने केलं होतं. पण जागा दाखवणारं प्रिपोझिशन असेल तर साधं सर्वनामच येतं: "शी हॅड क्लोज्ड द डोअर बिहाइंड हर", "ही हॅड ब्रॉट इट विथ हिम". इथे स्वतःच्या मागे, स्वतःबरोबर असं मराठीत डोक्यात येतं म्हणून सेल्फ घालावंसं वाटतं, घालू नका.

दोन छोट्या गोष्टी. "ही हॅड गॉन टू पॅरिस" म्हणजे गेला होता आणि त्या वेळी तिथेच होता किंवा वाटेत होता, "ही हॅड बीन टू पॅरिस" म्हणजे कधीतरी जाऊन आला होता. आणि "आय हॅड हॅड लंच बिफोर शी केम" यात हॅड दोनदा आलाय तो बरोबर आहे, पहिला काळाचा आणि दुसरा खाण्याचा.

बोलताना सर्वनाम आणि हॅड चिकटतात, आय'ड, ही'ड, शी'ड, वी'ड, दे'ड. पण वुड पण असाच चिकटतो, म्हणून पुढचं क्रियापद बघा. "आय'ड गॉन" म्हणजे आय हॅड, "आय'ड गो" म्हणजे आय वुड. पुट, कट सारख्या क्रियापदांची पहिलं-तिसरं रूप एकच असतात, तिथे "ही'ड पुट इट ऑन द टेबल" याचा अर्थ ठेवलं होतं की ठेवायचा, हे मागच्या-पुढच्या वाक्यावरूनच कळतं. "आय'ड बेटर गो" मध्ये हॅड आहे पण अर्थ आहे मी आता निघालेलं बरं, भूतकाळाशी संबंध नाही.

आता चार वाक्यं करून बघा, उत्तर वाचायच्या आधी खरंच कागदावर लिहा. "आम्ही पोचायच्या आधी ती निघून गेली होती": "शी हॅड लेफ्ट बिफोर वी अराइव्ह्ड". "ज्या माणसाबरोबर मी काम केलं होतं त्याने मला ओळखलं नाही": "द मॅन आय हॅड वर्क्ड विथ डिड नॉट रेकग्नाइज मी". "ती म्हणाली की मी त्याला सगळं समजावलं होतं": "शी सेड दॅट शी हॅड एक्सप्लेन्ड एव्हरीथिंग टू हिम", यात मी चं शी झालं का आणि टू आला का ते तपासा. आणि शेवटचं, "आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा ते सगळे बाकावर बसले होते". इथे पोचलो हा दुसरा क्षण आहे म्हणून हॅड लिहायचा मोह होतो, पण बसले होते ही अवस्था आहे, म्हणून "व्हेन वी रीच्ड द स्टेशन, दे वेअर ऑल सिटिंग ऑन द बेंच", आणि रीच्डच्या पुढे टू नाही.